उजव्या कोपऱ्याला कोण?

थाप!

ओल्या वाळूत नारळ पडावा तसा तो आवाज. कोपऱ्यात उभा राहिला की भिकू मांडीवर एकदाच थाप मारायचा. भिंतीपलीकडच्या रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून खाली उतरायचा. कारखान्यात हुतुतू सुरू झाला, हे त्याला तेवढ्यावरून कळायचं.

आमच्याकडे गोष्टीला गजाल म्हणतात. आमच्या काजूच्या कारखान्यामागे टरफलांचा ढीग होता. तो कोणी मुद्दाम रचला नव्हता. येता-जाता कोणीतरी एक टोपली ओतून जाई, आणि एक दिवस बघावं तर ढीग माणसाच्या वर गेलेला. गजालींचं तसंच आहे. त्या जमवायला कोणी जात नाही. वय झालं की आपण ढिगाशेजारी बसलेले असतो, एवढंच. त्यातल्या उजव्या कोपऱ्याच्या तेवढ्या सांगतो.

आमच्या शेटना हुतुतूचं भारी वेड. वेंगुर्ल्यात कारखाना, आणि कारखान्याची स्वतःची टीम. टीममधल्या माणसांना कारखान्यात काम. सकाळी काजूच्या गोणी वाहायच्या, संध्याकाळी खेळायचं, आणि मॅचा लागल्या की मालवण, सावंतवाडी, देवगड अशी वारी करायची. हुतुतूत सात गडी ओळीने उभे राहतात. टोकाचे दोघे म्हणजे कोपरे. चढाईवाला आत खोल आला की त्याचा घोटा धरायचं काम कोपऱ्याचं. डाव्या कोपऱ्याला मी होतो. माझ्याबद्दल कधी कोणी काही बोललं नाही, चांगलं नाही आणि वाईट नाही. वाद व्हायचा तो उजव्या कोपऱ्याचा.

उजव्या कोपऱ्याला भिकू. त्याचा उजवा गुडघा सरकला होता. पावसाळ्यात सुजायचा, उन्हाळ्यात वाजायचा. मी निरगुडीचा पाला गरम करून बांधायचो. तो म्हणायचा, "बाबी, गुडघो आसा माझो, पण ऐकता तुजा!"

शेटचा नियम एकच होता. जो टीममध्ये, तो कारखान्यात. टीममधून गेला तो फाटकाबाहेर. भिकू मुळात होडीवरचा माणूस. तो कारखान्यात आला आणि तिकडे भावांनी होडीवर त्याच्या जागी मेव्हण्याला घेतलं. म्हणजे कोपरा गेला तर भिकूला बसायला जागा कुठेच नव्हती, जमिनीवर नाही आणि पाण्यातही नाही. हे शेटना माहीत होतं, आम्हालाही होतं. तरी दर वर्षी दसरा झाला की शेट मला बोलावून विचारायचे, "बाबी, औंदा तुज्या जोडीक कोण होयो?"

माझं बोलणं पहिल्यापासून सावकाश. मी "शेटनू, भिकूच..." एवढं म्हणेपर्यंत शेटचा चहा पिऊन झालेला असायचा, आणि नवीन माणूस ठरलेला असायचा!

* * *

भिकूची पकड कशी होती, ते आधी सांगितलं पाहिजे.

मालवणला मॅच होती. त्यांचा एक उंच गडी आत आला आणि भिकूने त्याचा घोटा धरला. गडी पडला, दम सुटला, पंचांनी शिट्टी मारली. गडी बाद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं. भिकू अजून घोटा धरून बसलेला!

गडी विनवायला लागला, "सोड रे भावा, मी बाद झालंय!"

भिकू ढिम्म.

पंच आले. म्हणाले, "अहो, शिट्टी झाली ना?" भिकूने मान हलवली. शिट्टी झाली, हे त्याला कबूल होतं. पण हात जागचा हलला नाही. शेवटी शेट खुर्चीवरून उठून ओरडले, "मेल्या, सोड त्याका!"

भिकूने लगेच सोडलं.

"शिट्टी आयकूक येय नाय तुका?"

"आयकलंय, शेटनू. पण सोड म्हणान कोणी सांगूकच नाय!"

तेव्हा उलगडलं. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढताना पुढचा माणूस "सोड" म्हणत नाही तोवर मागच्याने दोर सोडायचा नसतो. एकाने सोडला तर सगळे तोंडावर पडतात. भिकू लहानपणापासून रापणीवर वाढलेला. शिट्टी ही त्याला कोणाची तरी हौस वाटत असे.

मग शेटनी ठरवलं की प्रत्येक पकडीनंतर "सोड" म्हणायचं काम माझं. समोरचा कोपरा ना मी!

आधी सांगितलंच, माझं बोलणं सावकाश. मी बघणार, गडी खरोखर बाद झाला का ते. मग पंचांकडे बघणार. मग म्हणणार, "भिकू... आता... सोड." तोवर चढाईवाला रडकुंडीला आलेला असायचा. देवगडच्या एका गड्याने मॅच सुरू व्हायच्या आधीच माझा हात धरला. म्हणाला, "भाऊ, त्याच्या पकडीची भीती नाय. तुज्या बोलण्याची आसा!"

* * *

एका वर्षी शेटनी हायस्कूलच्या ड्रिल मास्तरांना बोलावलं. मास्तर शिस्तीचे, बोलणं छापील. ते म्हणाले, "निवड ही परीक्षा घेऊनच व्हायला हवी."

झालं! पॅकिंगच्या खोलीत टेबल मांडलं. उजव्या कोपऱ्याला उमेदवार दोन. एक भिकू, आणि दुसरा वसंत, मुंबईहून परत आलेला. वसंताच्या केसांचा पुढे कोंबडा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. खिशात फणी, आणि फणीसाठी वेगळा रुमाल.

मास्तरांनी विचारलं, "उजव्या कोपऱ्याचं मुख्य कर्तव्य काय?"

वसंत उभा राहिला आणि बोलायला लागला. प्रतिस्पर्ध्याचा तोल, स्वतःचा तोल, दिशा, वेग. मास्तर डोळे मिटून माना डोलवत होते. खिडकीतून काजू सोलणाऱ्या बायका बघत होत्या. त्यांची म्होरकी जनाकाकी. तिचे हात टरफलाच्या तेलाने काळे, त्यावर राख, आणि जीभ मात्र धुतल्यासारखी साफ. ती म्हणाली, "ह्याका हुतुतूत कित्याक घालतंत? ह्याका भाषणाक उभो करा!"

मग भिकूची पाळी.

"कर्तव्य काय?"

भिकूने बराच विचार केला. म्हणाला, "गप रवाचा."

"म्हणजे?"

"गडी येता, तेव्हा गप रवाचा. हालूचा नाय."

मास्तर हसले. म्हणाले, "बरं. करून दाखव पाहू."

भिकू गप्प राहिला. मास्तरही बघत राहिले. बाहेर भोंगा झाला, बायका कामाला गेल्या. मास्तरांनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला. "ठीक आहे, कळलं," म्हणाले. भिकू गप्प. "अरे, झालं म्हटलं ना!" भिकू गप्प. मास्तर घाबरले. त्यांना वाटलं, माणसाला काहीतरी झालं. त्यांनी मला हाक मारली.

मी येऊन बघितलं आणि म्हटलं, "भिकू... सोड."

"हां," म्हणून भिकू उठला आणि गोणी उचलायला गेला.

मास्तरांनी वसंताला पैकीच्या पैकी मार्क दिले. भिकूच्या नावापुढे काय लिहावं, ते त्यांना सुचलं नाही.

* * *

मार्क पडले, म्हणून वसंताला खेळवायलाच हवं.

पहिलीच मॅच आमच्या मैदानावर. वसंत उजव्या कोपऱ्याला. भिकू बाहेर, बायकांच्या बाजूला बसलेला, गुडघ्यावर पाला. मी डावीकडून बघत होतो. खोटं कशाला बोलू, वसंत दिसायला फार देखणा उभा होता. जनाकाकी ओरडली, "ह्येका खेळवूक नको, फोटोत घालून भिंतीक लावूक होयो!"

चढाईवाला आला. वसंताने खाली वाकून झेप घेतली, घोटा धरला! नीट धरला. आम्ही बाकीचे धावलो, सगळे त्या गड्यावर पडलो. धूळ उडाली. शिट्टी झाली. शेट उठून नाचायला लागले.

धूळ खाली बसली, तर वसंत नाही!

केसांत वाळू गेली म्हणून तो फणी आणायला रेघेबाहेर गेला होता. शिट्टी पकडीची नव्हतीच. वसंत रेघेबाहेर गेला म्हणून बाद, त्याची होती. आणि आमच्याखालचा गडी? आम्ही शिट्टी ऐकून उठलो, तसा तो रांगत मधली रेघ ओलांडून गेला.

शेटनी वसंताला विचारलं, "काय केलंस ह्या?"

वसंत भांग पाडत म्हणाला, "शेट, पकड तर झाली होती!"

पुढच्या मॅचला भिकू परत कोपऱ्यात. वसंत पुढे कापडाच्या दुकानात लागला, आणि खरं सांगायचं तर तिथे फार शोभला.

* * *

मग शेटनी दशावतारातला नारायण आणला.

नारायण नाटकमंडळीत बायकांची कामं करायचा. राणी, द्रौपदी, कधी लक्ष्मी. लांब केस स्वतःचे, चालणं नाजूक, पण मनगट लोखंडाचं! रोज उठून आडाचं पाणी ओढणारा माणूस. शेट म्हणाले, "ह्योच आपलो कोपरो."

दहिकाल्याचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांचे दिवस होते. नारायणाला सगळीकडून बोलावणी. मॅच जामसंड्याला, आणि हा आदल्या गावी खेळ करून तसाच चालत आलेला. तोंड धुतलं होतं, पण डोळ्यांतलं काजळ काही गेलं नव्हतं. गालांवर थोडी लाली. केसांचा अंबाडा. खाली चड्डी-बनियन.

त्यांचा पहिला गडी हुतुतू करत उजव्या कोपऱ्यापर्यंत आला. नारायणाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. गड्याचा पाय थबकला. हुतुतू अडखळला. आणि चढाई चालू असताना तो चक्क बोलला, "वैनी, वायच बाजूक व्हा."

दम सुटला, बाद!

दुसरा आला. तो नारायणाकडे बघायचंच नाही म्हणून मान वळवून आला, आणि सरळ माझ्या हातात सापडला. बाद! शेटना वाटलं, या वर्षी सगळ्या मॅचा आपल्याच. त्यांनी तिथल्या तिथे म्हटलंसुद्धा, "आता भिकूचा काय करूचा, ता सावकाश बघतलो." भिकू बाजूलाच बसला होता. त्याने बांधलेला पाला सोडला आणि परत बांधला.

तिसरा गडी आला तो अंगाने रेड्यासारखा. आल्या आल्या त्याने जी आरोळी ठोकली, तिने झाडावरचे कावळे उडाले. नारायण दचकला. एक हात कपाळावर, एक हात छातीवर, आणि मैदानाच्या मध्यभागी त्याने टाहो फोडला, "धाव रे धाव, जगदीशा!"

तो गडी नारायणाच्याच नाटकमंडळीत राक्षसाची कामं करायचा!

त्याने आमच्या चौघांना शिवून मधली रेघ गाठली. आम्ही सगळे नारायणाकडे बघत होतो ना! शेट संतापले. नारायण पदर सावरल्यासारखं करत म्हणाला, "शेटनू, सवय आसा. त्येनी आरोळी मारल्यान की माका रडूकच व्हया."

जनाकाकीला नंतर ही गजाल कळली तेव्हा ती म्हणाली, "जगदीश इलो नाय तर नाय. भिकूक तरी बोलवायचास!"

* * *

सावंतवाडीला मोठ्या मॅचा भरल्या. तिथे नवीन नियम आला होता. हुतुतू म्हणायचं नाही, कबड्डी म्हणायचं. आमच्या चढाईवाल्यांना मास्तरांनी आठवडाभर घोकून घेतलं. कोपरे काही चढाईला जात नाहीत, म्हणून आम्हाला कोणी सांगितलं नाही. माझ्या आपलं कानावरून गेलं होतं. भिकू गोणी वाहत होता.

मॅच सुरू झाली. त्यांचा गडी आला, "कबड्डी कबड्डी" म्हणत उजव्या कोपऱ्यात शिरला. भिकू उभा. गडी एकाला शिवून गेला. दुसरा आला. भिकू उभा. तिसरा तर भिकूच्या पुढ्यात पाय नाचवून गेला. भिकूने त्याला वाट करून दिली!

शेटचा चेहरा काजूच्या भट्टीसारखा लाल. मध्ये थांबल्यावर ते धावत आले. "भिकू, गुडघो दुखता काय?"

"नाय, शेटनू."

"मगे धरीत कित्याक नाय?"

भिकू म्हणाला, "धरू कसो? हुतुतू सुरूच करणत नाय ते! एकएक जण येता, आपला नाव सांगता आणि परत जाता. माका वाटला, आधी वळख करून घेतत."

"नाव?"

"तर! कबड्डी, कबड्डी. सगळे एकाच घराण्यातले दिसतत!"

शेट मटकन खाली बसले. मास्तरांनी भिकूला बाजूला घेऊन नीट समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग परत कोपऱ्यात गेला, मांडीवर थाप मारली, आणि त्यानंतर त्या घराण्यातलं कोणीही घरी परत गेलं नाही!

परतताना ट्रकच्या हौद्यात तो माझ्या शेजारी बसला होता. पाय पसरलेला, गुडघा नारळाएवढा झालेला. मला म्हणाला, "बाबी, शेटनी बघल्यानी काय रे गुडघो?"

मी म्हटलं, "काळोख होता."

काळोख नव्हता. संध्याकाळ होती, आणि शेटनी बघितला होता.

* * *

पुढच्या वर्षी शेटच्या मनात भिकूला काढायचं पक्कं होतं. पण सरळ सांगवत नव्हतं. शेट वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर ही गजाल झाली नसती. त्यांनी ठरवलं, आपण कशाला सांगा? देवालाच विचारू.

आमच्याकडे देवाचा कौल घेतात. देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव "हो" म्हणाला. डावीकडची पडली तर "नाही". उजवा कौल, डावा कौल. लहान पोरालाही हे माहीत.

मॅचांच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालायला सगळा कारखाना देवळात जमायचा. बायका, टीम, सगळे सभामंडपात. गाभाऱ्याच्या दाराशी गुरव आणि शेट. मी नारळांची परडी घेऊन खांबाला टेकून होतो, म्हणून मला ऐकू आलं. शेटनी गुरवाच्या कानात सांगितलं, "भिकूक औंदा काढूचो काय, तेवढा इचार. पण हळू इचार."

गुरवाने आधी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"त्येंच्या मनात जा काय आसा, ता तुका ठावक आसा..."

"व्हय म्हाराजा!"

मग गुरव देवाकडे वळून पुटपुटला. समईची वात तेवढी तडतडली. भिकू हात जोडून बसला होता, एक पाय लांब करून. दुखरा.

पाकळी पडली. उजवी.

गुरवाला सवय पडलेली. कौल पडला की मोठ्याने सांगायचा. तो बाहेर वळला आणि आरोळी दिली, "उजवो दिल्यान, म्हाराजा!"

मग जनाकाकी ताडकन उभी राहिली.

"आयकलास गे? उजवो दिल्यान! देवान भिकूक उजवो कोपरो दिल्यान!"

देऊळ नुसतं उसळलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी ढोल हाणला. भिकू उठला, तो गुडघा विसरूनच उठला. माझ्या परडीतला मोठ्यातला मोठा नारळ उचलला आणि पायरीवर एका घावात फोडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने शेटच्या हातावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. म्हणाला, "शेटनू, तुमी माज्यासाटी देवाकडे इचारल्यात!"

शेट खोबरं हातात घेऊन उभे. खावं की ठेवावं, कळेना.

गुरव घाबरून त्यांच्या कानाशी लागला. "शेटनू, घोटाळो झालो. परत इचारू काय?"

शेट टाळ्या पिटणाऱ्या बायकांकडे बघत म्हणाले, "गप रव! आता परत इचारलंस, तर ही बायलमाणसां माका काढतली!"

भिकू ते वर्ष खेळला. गुडघा घेऊन खेळला, आणि फार सुंदर खेळला.

* * *

त्याच्या पुढच्या वर्षी अंकुश आला.

जामसंड्याकडचा पोरगा, विशीच्या आतबाहेर. रुंद खांदे, नजर खाली. वडील वारलेले, घरी आई आणि धाकट्या बहिणी. शेटनी त्याला नुसता चालताना बघितला आणि ओळखलं, हा कोपरा आहे. मीही ओळखलं. भिकूने सगळ्यांच्या आधी ओळखलं असावं, कारण पोरगा फाटकातून आत आला तेव्हा भिकू बोलता बोलता मध्येच थांबला होता.

या वेळी शेटनी परीक्षा घेतली नाही, देवाला त्रास दिला नाही. सगळ्यांसमोर मैदानावर सांगितलं, "भिकू, तू चढाईक जा. ह्या पोरान तुका धरल्यान, तर कोपरो त्याचो. तू परत इलंस, तर तुजो. मगे माका कोणी काय बोलूचा नाय."

भिकू जन्मात कधी चढाईला गेला नव्हता. जनाकाकी म्हणाली, "भिकू, नाव काय सांगतलंस रे? हुतुतू की कबड्डी?" सगळे हसले, भिकूही हसला. म्हणाला, "माजो घराणो हुतुतूचो!"

बाकीचे बाजूला झाले. डाव्या कोपऱ्याला मी, उजव्या कोपऱ्याला अंकुश. मास्तर शिट्टी घेऊन उभे. मला शेटनी ताकीद दिली होती, "तू हालूचा नाय."

भिकूने मधली रेघ ओलांडली. हुतुतू सुरू झाला. खोल आवाज, एका सुरात. होडीचा नांगर खडकात अडकला की बुडी मारून तो सोडवणारा हा माणूस. वर बघणाऱ्यांचा जीव कासावीस व्हायचा तरी हा पाण्याखालीच. त्याचा दम केवढा, ते मला माहीत होतं. आणि कोपऱ्याचा हात कुठे पोचत नाही, हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? तो माझ्या बाजूला आलाच नाही. लंगडत लंगडत, पण बरोबर वाटेने, तो अंकुशसमोर जाऊन उभा राहिला.

पोरगा वाकला. आम्हाला वाटलं, आता झेप घेणार.

त्याने झेप घेतली नाही. त्याने खाली वाकून दोन्ही हातांनी भिकूचे पाय धरले, आणि कपाळ टेकवलं.

सगळं मैदान हसलं. जनाकाकी ओरडली, "अरे झिला, पाया पडतंस काय पकडतंस?" मास्तरांची शिट्टी ओठांशीच राहिली. ते शेटकडे बघून म्हणाले, "हा नमस्कार धरायचा की पकड?" पोरगा तसाच. त्याचं कपाळ भिकूच्या पावलांवर, हात घोट्यांशी. आणि ते हात धरण्यासारखे घट्ट नव्हते. पाय नुसता उचलला असता तरी सुटला असता. रेघ काही लांब नव्हती.

भिकूचा हुतुतू चालू होता. तो खाली त्या पोराच्या मानेकडे बघत होता.

मग आवाज बारीक झाला. अजून बारीक झाला. आणि थांबला.

मास्तरांनी हळूच शिट्टी वाजवली.

शेट पुढे आले. म्हणाले, "भिकू, दम संपलो काय रे?"

भिकूने पोराला खांद्याला धरून उठवलं. त्याच्या कपाळाला लागलेली माती अंगठ्याने पुसली. त्याला दोन्ही हातांनी धरून उजव्या कोपऱ्यात नीट उभा केला, एक पाऊल मागे सरकवला. माझ्याकडे एकदा बघितलं. मी काहीतरी म्हणणार होतो. माझे शब्द जुळत होते.

तोवर तो वळला, आणि फाटकातून बाहेर, बंदराच्या रस्त्याने चालू लागला.